सी. के. नायडू : संस्थानिकांच्या काळांतील एक कप्तान

क्रिकेटच्या सामन्यांत नाणेफेक करावयास कोणीं जावें, हा प्रश्न आज कोणी गंभीरपणें विचारणार नाहीं. जो उत्तम खेळतो, ज्याला खेळ कळतो आणि ज्याचें दहा माणसें ऐकतात त्यानें जावें, असें शाळेंतला मुलगाहि सांगेल. परंतु आपल्या देशांत एक काळ असा होता, कीं या प्रश्नाचें उत्तर मैदानावर मिळत नसे. तें राजवाड्यांत मिळे. ज्याच्या पदरीं मुलूख, ज्याच्या तिजोरींत पैसा आणि ज्याच्या आगमनाला तोफांची सलामी, तो कप्तान. बाकीच्यांनीं धांवा काढाव्या, बळी घ्यावे आणि त्याच्या मागून मैदानांत उतरावें. अशा त्या काळांत, मुलूख नसलेला, सलामी नसलेला, आपल्या नागपूर शहरांतल्या एका वकिलाचा नातू हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी सामन्याचा कप्तान झाला. तो कसा झाला आणि पुढें त्या कप्तानपदाचें काय झालें, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजीं नागपुरांत झाला. घराणें तेलुगुभाषिक, पण नागपुरांत स्थिरावलेलें. आजोबा नारायणस्वामी नायडू हे येथें वकिली करीत, आणि त्यांनीं जमीनजुमलाहि पुष्कळ केला होता. वडील सूर्यप्रकाशराव कायद्याच्या अभ्यासासाठीं केंब्रिजला जाऊन आले. रणजितसिंहांशीं त्यांचा तेथें परिचय झाला होता असें सांगतात. तेव्हां मुलाच्या हातीं बॅट आली ती कांहीं अचानक आकाशांतून पडली नाहीं.

त्या वेळचें नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतें. भोसल्यांचें राज्य जाऊन चाळीस वर्षें उलटलीं होतीं. एम्प्रेस मिलचा भोंगा १८७७ पासून वाजत होता, हिस्लॉप कॉलेज १८८३ सालीं निघालें होतें आणि शेजारीं कामठीला पलटणींची छावणी होती. इंग्रजांचा हा खेळ हिंदुस्थानांत बहुतेक ठिकाणीं दोन वाटांनीं शिरला : एक छावणीची वाट, दुसरी मिशनऱ्यांच्या शाळेची. नागपुराला दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. नायडू हिस्लॉप कॉलेजिएट हायस्कूलमध्यें शिकले आणि लहान वयांतच शाळेच्या संघांत खेळूं लागले. वाढत्या वयाबरोबर अंगकाठी उंच आणि ताठ झाली. ती ताठ अंगकाठी त्यांनीं म्हातारपणापर्यंत जशीच्या तशी राखली, आणि ज्यांना ती आवडत नसे ते तिला ताठा म्हणत. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतें, तें पुढें येईलच.

नांव काढावयाचें तर त्या वेळीं एकच दरवाजा होता, तो मुंबईचा. तेथें दरसाल होणारे चौरंगी सामने म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीचा मोठा उत्सव. युरोपियन, पारशी, हिंदु आणि मुसलमान असे चार संघ धर्मावार आणि जातवार उभे राहत. आज हें ऐकतांना कानाला खटकतें. त्या वेळींहि पुष्कळांना खटकत होतें, आणि १९४० सालीं गांधीजींनीं या प्रकाराविरुद्ध उघड मत दिलें. शेवटीं १९४६ नंतर ते सामने बंदच पडले. परंतु १९१६ सालीं हिंदी खेळाडूला गोऱ्या संघापुढें बरोबरीनें उभें राहण्याची दुसरी जागा जवळजवळ नव्हती.

त्या वर्षीं हिंदु संघाकडून युरोपियनांविरुद्ध विशीच्या आसपासचा हा नागपूरकर तरुण प्रथमच खेळला. तो नवव्या क्रमांकावर आला तेव्हां फलकावर ७ बाद ७९ अशी दीनवाणी स्थिति होती. अशा वेळीं नवख्या माणसानें मान खालीं घालून दिवस ढकलावा, ही रीत. त्यानें पहिले तीन चेंडू रीतसर अडविले, आणि चौथा सीमेपार भिरकावून दिला. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्यें त्याच्या पहिल्या धांवा त्या सहा. नायडूंचा सारा स्वभाव या चार चेंडूंत येऊन गेला असें मला वाटतें. पुढें सांगणारे चौथ्या चेंडूचीच गोष्ट सांगतात. पहिल्या तिहींची कोणी सांगत नाहीं. पण तीन चेंडू पारखून घेण्याची शिस्त त्याच्यापाशीं होती म्हणूनच चौथा त्याला तसा मारतां आला.

आतां खेळून पोट भरावयाचें कसें? हा प्रश्न आजच्या तरुणाला समजावून सांगावा लागतो, कारण आज लिलावांत खेळाडूंवर कोट्यवधि रुपयांच्या बोली लागतात. त्या काळीं क्रिकेटपटूला पगार देणारी संस्था नव्हती. एक तर घरचें बरें असावें, नाहीं तर कचेरींत चिकटून रजा मागत खेळावें, नाहीं तर एखाद्या संस्थानिकाच्या आश्रयाला जावें. आपल्याकडील गवयांची आणि पैलवानांची स्थिति याहून निराळी नव्हती. अल्लादियाखांसाहेबांना कोल्हापूर दरबाराचा आधार मिळाला. शाहूमहाराजांनीं त्याच कोल्हापुरांत कुस्तीसाठीं खासबागेचें मैदान बांधलें. क्रिकेटचेंहि तसेंच. पतियाळा, नवानगर, होळकर, विजयानगरम् अशा दरबारांनीं खेळाडू पोसले, मैदानें तयार केलीं, गोरे शिक्षक आणले. हा उपकार लहान नव्हता. मात्र त्या उपकाराला एक दोरी बांधलेली होती, आणि तिचें दुसरें टोंक दरबाराच्या हातीं असे.

१९२३ सालीं इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनीं नायडूंना बोलावून घेतलें आणि आपल्या लष्करांत कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढें ते मेजर झाले, कर्नल झाले. लोकांच्या तोंडीं ‘कर्नल नायडू’ हेंच नांव बसलें तें यामुळें. नागपूर सुटलें तें कायमचेंच. आपल्या शहराला त्यांना घडवितां आलें, परंतु ठेवून घेतां आलें नाहीं. यांत नागपूरकरांचा दोष काढण्याचें कारण नाहीं. एका प्रांताच्या राजधानीला जें देतां येत नव्हतें तें एका संस्थानाला देतां येत होतें, इतकाच त्याचा अर्थ.

आतां १९२६ सालच्या डिसेंबरची पहिली तारीख. ऑर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखालीं इंग्लंडच्या एम. सी. सी. चा संघ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता आणि मुंबईस हिंदु संघाशीं त्याचा सामना चालू होता. सामन्याची जागा लक्षांत घ्या : बाँबे जिमखाना. या जिमखान्याचें सभासद होण्याचा अधिकार त्या काळीं कोणाहि हिंदी माणसाला नव्हता. हिंदी माणूस आंत जाई तो प्रतिपक्षाचा खेळाडू म्हणून, नाहीं तर सरबताचें तबक हातीं घेऊन. पाहुण्यांनीं आदल्या दिवशीं ३६३ धांवा केल्या होत्या. त्यांत गाय अर्ल या धिप्पाड गृहस्थानें आठ षट्कार मारून १३० धांवा कुटल्या होत्या. हिंदु प्रेक्षक तें पाहून मुकाट्यानें घरीं गेले होते.

दुसऱ्या दिवशीं नायडू खेळावयास आले. कांहीं वेळ अंदाज घेण्यांत गेला, आणि मग चेंडू उंच उडूं लागले. एक तंबूंवर, एक छपराकडे, एक पलीकडच्या रस्त्याच्या दिशेनें. बातमी शहरांत पसरली तशी कोटांतल्या कचेऱ्यांतून माणसें बाहेर पडलीं असें म्हणतात. मैदानाभोंवतीं उभें राहावयास जागा उरली नाहीं, तेव्हां लोक झाडांवर चढले, आसपासच्या इमारतींच्या गच्च्यांवर जाऊन उभे राहिले. ११६ मिनिटांत १५३ धांवा झाल्या. त्यांत ११ षट्कार, म्हणजे ६६ धांवा केवळ हवेंतून आलेल्या. अर्लच्या आठ षट्कारांना चोवीस तासांच्या आंत हें उत्तर मिळालें. पाहुण्यांनीं मनाचा मोठेपणा दाखवून नायडूंना रुप्याची बॅट भेट दिली.

श्रोतेहो, एखाद्या खेळींतून राजकीय अर्थ काढण्याचा मोह मला सहसा होत नाहीं. चेंडू सीमेपार गेल्यानें कोणाचें राज्य जात नाहीं. तरीहि त्या दिवशीं झाडावर बसलेल्या कारकुनाला काय वाटलें असेल याची कल्पना करून पाहा. ज्या आवारांत त्याला पाऊल टाकतां येत नव्हतें, त्या आवाराच्या छपरावर त्याच्यासारखाच एक हिंदी माणूस चेंडू भिरकावीत होता, आणि ज्यांचें तें छप्पर ते टाळ्या वाजवीत होते.

त्याच मोसमांत पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांनीं अखिल हिंदी संघाकडून याच पाहुण्यांविरुद्ध १४८ धांवा केल्या. हिंदी माणूस इंग्लंडशीं बरोबरीनें खेळूं शकतो, हें दोन खेळ्यांनीं सिद्ध झालें. गिलिगन यांनीं येथल्या मंडळींना एक मध्यवर्ती मंडळ स्थापण्याचा सल्ला दिला. १९२८ च्या डिसेंबरांत क्रिकेट नियामक मंडळ निघालें आणि १९३२ सालीं हिंदुस्थानचा अधिकृत संघ इंग्लंडला जाणार हें ठरलें.

आणि लगेच प्रश्न उभा राहिला : कप्तान कोण?

नायडूंचें वय तेव्हां छत्तीस. देशांत त्यांच्या तोडीचा खेळाडू नव्हता याविषयीं फारसा वाद नव्हता. परंतु प्रथम नेमणूक झाली ती पतियाळाच्या महाराजांची. ते जाऊं शकले नाहींत, तेव्हां पोरबंदरचे महाराज कप्तान झाले आणि लिंबडीचे राजपुत्र घनश्यामसिंहजी उपकप्तान. नायडू या यादींत तिसऱ्या क्रमांकाचे. आपल्याला याचा राग येतो. पण ज्या इंग्लंडला ते निघाले होते, तेथेंहि याहून फार निराळा प्रकार नव्हता. तेथें पगारी खेळाडू आणि हौशी खेळाडू असे दोन वर्ण होते. त्यांच्या खोल्या वेगळ्या, मैदानावर उतरण्याचे दरवाजे वेगळे. पगारी खेळाडूनें कितीहि धांवा केल्या तरी इंग्लंडचें कप्तानपद हौशी सद्गृहस्थाकडेच जावयाचें. लेन हटनसारख्या पगारी खेळाडूला तें पद मिळावयास १९५२ साल उजाडावें लागलें. म्हणजे आपल्या राजांनीं जें केलें त्याला साहेबाच्या घरचा आधार होता.

पोरबंदरच्या महाराजांविषयीं मात्र चांगलेंच बोलावयास हवें. विनोदी लोक म्हणत, कीं महाराजांनीं त्या दौऱ्यांत जितक्या धांवा काढल्या त्याहून त्यांच्या पदरीं रोल्स रॉइस मोटारी अधिक. खरेंच, पहिल्या दर्जाच्या सामन्यांत त्यांच्या नांवावर दोनच धांवा लागल्या. परंतु आपल्याला काय येत नाहीं हें त्यांना नीट कळत होतें, आणि हा गुण राजेलोकांत दुर्मीळ. चार सामने खेळून ते स्वतः होऊन बाजूस झाले. कसोटीच्या सुमारास लिंबडीच्या राजपुत्रांची पाठ दुखावली. तेव्हां महाराजांनीं कप्तानपद नायडूंच्या हवालीं केलें. संघांतील कांहीं खेळाडूंना तें मुळींच रुचलें नाहीं. राजाच्या हाताखालीं खेळण्यांत कमीपणा नव्हता. आपल्यासारख्याच एकाच्या हाताखालीं खेळावयाचें म्हणजे अपमान! महाराज आपल्या निर्णयावर ठाम राहिले.

२५ जून १९३२, लॉर्ड्स. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. इंग्लंडचे कप्तान डग्लस जार्डिन. महंमद निस्सारनें सटक्लिफ आणि होम्स या दोघां सलामीच्या फलंदाजांच्या यष्ट्या उडविल्या, वूली धांवबाद झाला, आणि इंग्लंडची स्थिति ३ बाद १९ झाली. ती पाहून लॉर्ड्सचे जुने सभासद खुर्चींत सरसावून बसले असतील. जार्डिननें डाव सांवरला; इंग्लंडनें २५९ केल्या. त्या डावांत क्षेत्ररक्षण करतांना नायडूंच्या हाताला जबर दुखापत झाली. तशाच हातानें ते खेळावयास गेले आणि ४० धांवा केल्या. हिंदुस्थानच्या १८९ धांवांत त्या सर्वांत अधिक होत्या. सामना १५८ धांवांनीं हरलो. चार दिवसांचा तो सामना तीन दिवसांतच संपला, असें कोणी म्हणूं लागला तर त्यास सांगावें, कीं तो ठरलाच होता तीन दिवसांचा.

त्या उन्हाळ्यांत नायडूंनीं पहिल्या दर्जाच्या सामन्यांत १६१८ धांवा केल्या, पांच शतकें झळकावलीं आणि ६५ बळी घेतले. लॉर्ड्सवर एम. सी. सी. विरुद्ध दौऱ्याच्या आरंभींच त्यांनीं नाबाद ११८ काढल्या होत्या. बर्मिंगहॅमच्या मैदानावर त्यांनीं मारलेला एक चेंडू शेजारून वाहणाऱ्या री नदीपलीकडे गेला. ती नदी म्हणजे दोन परगण्यांची जुनी हद्द, म्हणून चेंडू वॉरविकशायरमधून निघून वूस्टरशायरमध्यें पडला अशी कथा इंग्लंडांत अजून सांगतात. मोजपट्टी लावून कोणी पाहिलें नसेल, आणि पाहूंहि नये. ‘विस्डेन’ या वार्षिकानें १९३३ च्या अंकांत वर्षांतील पांच श्रेष्ठ खेळाडूंत त्यांची गणना केली.

जार्डिनचा संघ पुढल्या वर्षीं इकडे आला तेव्हां नायडूच कप्तान होते. डिसेंबर १९३३ मध्यें हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिली कसोटी झाली ती पुन्हा त्याच बाँबे जिमखान्यावर. दुसऱ्या डावांत लाला अमरनाथ या तरुणानें पदार्पणांतच ११८ धांवा केल्या, आणि त्याच्या जोडीला उभे राहून नायडूंनीं ६७. दोघांनीं १८६ धांवांची भर घातली. अमरनाथचें शतक झालें तेव्हां स्त्रियांनीं अंगावरचे दागिने उतरवून त्याच्यावर उधळले, असें वर्णन आहे. तीन कसोट्यांपैकीं दोन आपण हरलों आणि कलकत्त्याची अनिर्णित राखली. एकंदर चार कसोट्यांत नायडू कप्तान होते. त्यांतील एकहि जिंकतां आली नाहीं. हा आंकडा लपविण्याचें कारण नाहीं.

पण कप्तानपद गेलें तें या आंकड्यामुळें नव्हे. १९३६ च्या दौऱ्याच्या वेळीं दरबारी मतांचीं गणितें फिरलीं आणि विजयानगरम्‌चे महाराजकुमार कप्तान झाले. हे गृहस्थ क्रिकेटवर मनापासून प्रेम करीत. फक्त क्रिकेटचें त्यांच्यावर तितकेंसें नव्हतें. त्या दौऱ्याची सारी हकीकत सांगत बसलों तर वेळ पुरावयाचा नाहीं. संघांत दोन तट पडले. अमरनाथसारखा उत्तम खेळांत असलेला खेळाडू बेशिस्तीच्या आरोपावरून मध्येंच बोटींत बसवून घरीं पाठविला. कप्तानसाहेबांना त्याच उन्हाळ्यांत ‘सर’ ही पदवी मिळाली. नंतर न्यायमूर्ति बोमंट यांच्या समितीनें चौकशी केली. तिनें अमरनाथला दोषमुक्त ठरवून महाराजकुमारांच्या नेतृत्वावर कडक टीका केली.

येथें नायडूंच्या भक्तांना न आवडणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच समितीनें मेजर नायडूंवरहि ठपका ठेवला : ते संघापासून अलिप्त राहिले, त्यांनीं कप्तानाला साह्य केलें नाहीं. मला हा ठपका खोटा वाटत नाहीं. ज्याला आपल्याहून फारच कमी येतें त्याच्या आज्ञेंत राहणें मानी माणसाला जड जातें हें खरें. परंतु संघांत गोंधळलेली, घाबरलेली तरुण मुलें होतीं. त्यांना धीर देणारा एक वडीलधारा माणूस हवा होता, आणि तो खोलीचें दार लावून बसला. ज्याला मी मघाशीं ताठ अंगकाठी म्हटलें तिची ही दुसरी बाजू.

अखेरची ओव्हलची कसोटी त्यांची स्वतःचीहि अखेरची ठरली. दुसऱ्या डावांत इंग्लंडचा वेगवान गोलंदाज गबी ॲलन याचा एक चेंडू त्यांच्या अंगावर असा बसला, कीं ते कळवळले. ते बाहेर गेले नाहींत. उभे राहिले आणि ८१ धांवा केल्या. कसोटींतील त्यांची ती सर्वांत मोठी खेळी. सात कसोट्या, ३५० धांवा, सरासरी २५. केवळ आंकडे पाहणाऱ्या आजच्या मुलाला वाटेल, एवढ्यासाठीं इतका गाजावाजा? त्याला सांगावें लागेल, कीं पहिली कसोटी खेळतांना त्यांना सदतिसावें वर्ष चालू होतें. त्यांचीं ऐन तारुण्याचीं वर्षें, देशाला कसोटीचा दर्जाच नव्हता म्हणून, चौरंगीच्या धुळींत गेलीं.

यापुढें दुसरा कोणी असता तर चांदीच्या पेल्यांच्या कपाटाकडे पाहत बसला असता. नायडू इंदुरास परतले, आणि तेथें त्यांनीं जें केलें तें माझ्या मतें त्यांच्या टोल्यांहूनहि मोठें आहे. यशवंतराव होळकरांच्या आश्रयानें त्यांनीं होळकर संघ उभा केला. मुश्ताक अली इंदूरचाच. त्याला त्यांनीं लहान वयांत हेरलें होतें. चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, माधवराव जगदाळे, हिरालाल गायकवाड, आणि स्वतःचे धाकटे बंधु सी. एस. — तेहि नागपूरचेच — अशी माणसें त्यांनीं जमविलीं. शिस्त लष्करी. थकलों म्हणावयाची सोय नाहीं. पाय मोडल्यावांचून कोणी मैदान सोडावयाचें नाहीं. मुंबईविरुद्ध १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यांत सी. एस. नायडूंनीं एकट्यानें ९१७ चेंडू टाकले, आणि सख्खा भाऊ कप्तान म्हणून त्यांच्यावर दया झाली नाहीं. तो सामना होळकर संघ हरला. त्यांत होळकरांकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला होता; लढाईच्या निमित्तानें तो जवळच महूच्या छावणींत होता.

पुढल्या वर्षीं म्हैसूरविरुद्ध होळकर संघानें ८ बाद ९१२ धांवा केल्या. एका डावांत सहा जणांचीं शतकें, असा प्रकार जगांत पूर्वीं झाला नव्हता. सहांपैकीं एक शतक कप्तानांचें. आणि लगेच बडोद्याविरुद्ध अंतिम सामन्यांत त्यांनीं २०० धांवा काढल्या. वय वर्षें पन्नास! त्यांच्या आयुष्यांतील हीच सर्वांत मोठी धांवसंख्या. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळां अंतिम सामन्यापर्यंत पोंचला आणि चार वेळां त्यानें रणजी करंडक जिंकला. मध्यें १९४८ सालीं होळकरांचें संस्थान मध्यभारतांत विलीन झालें. राज्य गेलें, पण राज्याच्या नांवाचा संघ आणखी कांहीं वर्षें खेळत राहिला. ज्या संस्थानिकांनीं कप्तानपदें वांटलीं त्यांचीं सिंहासनें गेलीं, आणि त्यांचा पगारी कर्नल मैदानावरच होता.

पंचावन्नी उलटल्यावरची एक ऐकीव गोष्ट आहे. दत्तू फडकरांचा उसळलेला चेंडू कर्नलांच्या तोंडावर बसून दोन दांत पडले. त्यांनीं दांत बॅटनें खेळपट्टीवरून बाजूस सारले आणि फडकरांना सांगितलें, वेग कमी करूं नकोस. सांगणाऱ्यागणिक या गोष्टींत थोडा फरक पडतो. पण ती दुसऱ्या कोणाविषयीं सांगितलेली मीं ऐकली नाहीं.

१९५६ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें. क्रिकेटपटूला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्याच हंगामांत, एकसष्टी लागली असतां, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळत होते. राजस्थानविरुद्ध ८४ धांवा केल्या आणि विनू मंकडला दोन षट्कार मारले. एकंदर २०७ सामने, ११,८२५ धांवा, २६ शतकें, ४११ बळी, एवढा पहिल्या दर्जाच्या क्रिकेटचा जमाखर्च. राष्ट्रीय निवड समितीवरहि त्यांनीं काम केलें. तेथेंहि त्यांचा दरारा होताच. औषधाच्या बाटलीवरहि त्यांचें नांव चालून गेलें : १९४१ सालीं बाथगेट कंपनीच्या यकृताच्या औषधाची जाहिरात त्यांच्या नांवानें झाली होती. आजच्या खेळाडूंच्या जाहिरातींचें मूळ शोधणारे तेथपर्यंत जातात.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजीं इंदुरास ते वारले. त्यांची कन्या चंद्रा नायडू इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या. १९७७ सालीं त्यांनीं क्रिकेट सामन्याचें धांवतें वर्णन केलें. हिंदुस्थानांत स्त्रीनें तें करण्याचा पहिला मान त्यांच्याकडे जातो. वडिलांविषयीं त्यांनीं पुस्तकहि लिहिलें. २०२१ सालीं त्याहि निवर्तल्या.

नागपूरकरांना आपल्या शहरांत पहिला कसोटी सामना पाहावयास मिळाला तो १९६९ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे नायडू गेल्यावर दोन वर्षांनीं. न्यूझीलंडनें तो जिंकला. विदर्भाचा संघ १९५७ पासून रणजी सामन्यांत उतरत होता, आणि साठ वर्षें त्याच्या हातीं करंडक आला नाहीं. तो आला २०१७-१८ च्या हंगामांत. दिल्लीविरुद्ध अंतिम सामना होता. फैज फजल कप्तान. रजनीश गुरबाणीनें लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, आणि १ जानेवारी २०१८ रोजीं नऊ गडी राखून नागपूरची मुलें जिंकलीं. तो सामना नागपुरांत झाला नव्हता. तो झाला इंदुरांत, होळकरांच्या नांवाच्या मैदानावर.